फियाटचा दुसरा शाफ्ट

बापूसो मगदुमांची फियाट आज पुन्हा सुरू होणार हे कळल्यावर कळंब्यातल्या त्या गल्लीतल्या बायकांनी आधी दोरीवरचे कपडे आत नेले. दिवाळीच्या तोंडावर गाडीनं असा काही धूर सोडला होता की समोरच्यांना पांढऱ्या चादरी परत धुवाव्या लागल्या होत्या. तेव्हा सीताबाईंनी घरोघरी जाऊन सगळ्यांची समजूत काढली होती. नवऱ्यानं गाडी दुरुस्त करायची आणि बायकोनं गल्ली, अशी त्या घरात कामाची वाटणी झालेली होती.

फियाट म्हणजे जुनी पद्मिनी. दुधी रंगाची, गिअर स्टिअरिंगला, आणि पुढची सीट सोफ्यासारखी सलग. शिरोळला होते तोवर बापूसो या गाडीतून मळ्यात गेले, साखर कारखान्यावर गेले, मंदिरात गेले. सीताबाईंना त्यांनी याच गाडीतून माहेरी सोडलं आणि दरवेळी ठरल्यापेक्षा आधी जाऊन परत आणलं. मग मोठ्या पुरात कृष्णा घरात शिरली. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघाली, गाडी पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर मुलगा ऋषभ म्हणाला, आता पुरे झालं, माझ्याकडे कळंब्याला चला. मळा वाट्यानं दिला. निघताना बापूसोंनी दुसरं काही मागितलं नाही, तेवढी गाडी ट्रॉलीवर चढवून आणली आणि ताडपत्रीखाली उभी केली.

कळंब्यात बापूसोंना काही कामच नव्हतं. सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे, पेपर वाचायचे, दुपारी तोच पेपर उलट्या बाजूनं वाचायचे. ज्या माणसाची हाक पलीकडच्या शिवारात ऐकू जायची, तो आता पाणीसुद्धा हळू आवाजात मागायला लागला. ऋषभला वाटलं, वयानं बाबा शांत झाले. सीताबाईंना ते लक्षण बरं दिसेना. शांत माणूस कसा असतो हे त्यांना माहीत नव्हतं, पण आपला नवरा कसा असतो हे पक्कं माहीत होतं.

सयाजी मिस्त्री भेटला आणि चित्र पालटलं. सयाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला कामाला, पण जीव सगळा जुन्या इंजिनात. पाळी सुटली की कुणाची तरी मोडकी गाडी उघडून बसायचा. त्यानं ताडपत्री उचलून आत बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, हिला काय झालंय? पाणीच तर प्यालीया." त्या दिवसापासून बापूसो खुर्चीतून उठले. सुट्या भागांसाठी उद्यमनगरच्या चकरा सुरू झाल्या. दुकानदारांशी वाद, मग त्यांच्याबरोबरच चहा, आणि घरी येताना सपाटून भूक. टॉवेलांना ग्रीस लागलं म्हणून सीताबाई दिवसभर तोंड वाजवायच्या आणि रात्री देवापुढं हात जोडून मनात म्हणायच्या, लागू दे, आणखी लागू दे.

इंजिन सगळं जुळत आलं, कॅमशाफ्ट तेवढा गेलेला होता. इंजिनाच्या पोटात हा एक दांडा असतो आणि त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरेल तसे उंचवटे झडपा उघडतात, तेव्हा इंजिन श्वास घेतं. पुराच्या पाण्यात त्या उंचवट्यांना गंजानं खड्डे पाडले होते. सयाजीनं नवा शाफ्ट मिळवला, दिवाळीच्या अलीकडे बसवला, आणि एकाच संध्याकाळी तोही गेला. "शाफ्टच खराब निघाला," बापूसोंनी घरात सांगितलं. ऋषभ हसून म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुणीतरी गंडवलं." बापूसो परत खुर्चीत जाऊन बसले.

या वेळचं बसणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पेपरसुद्धा उघडत नव्हते.

संक्रांत झाल्यावर सयाजी दुसरा शाफ्ट घेऊन आला. एका बंद पडलेल्या दुकानाच्या फळीवर सापडला होता, कागदात गुंडाळलेला. "ह्यो शेवटचा, अण्णा," तो म्हणाला. "ह्येच्या पुढं मला मागू नका, कुठंच न्हाई." ऋषभनंही सांगून टाकलं की आता चालली तर चालली, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचं, दारातली जागा तरी मोकळी होईल. बापूसोंनी मान हलवली. ना भांडले, ना ओरडले. सीताबाईंना भीती वाटली ती त्या मान हलवण्याची. गाडीचं त्यांना एवढं काही नव्हतं, पण गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

आज पाळी सुटल्यावर सयाजी तसाच आला. ऋषभ कामावर होता. सीताबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. बापूसोंनी चावी फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि पेटलं.

"रेस धरा, अण्णा," सयाजी ओरडला. "खाली येऊ देऊ नका."

गाडी एका जागी उभी राहून जोरात घोंघावत होती. गल्लीतली कुत्री उठून लांब जाऊन बसली. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात रेडिएटरच्या पाईपमधून पाण्याची चिळकांडी उडाली. सयाजीनं हात वर केला, बापूसोंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. पाईप जुना होता, चिरला होता.

"शाफ्टला काय?" बापूसोंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"शाफ्टला काय न्हाई. एकदम बंद केलंसा, ते बरं केलंसा. एक डाव बंद झाल्यालं चालतंय. पाईप आणा, परत लावू."

बापूसो शेजाऱ्याच्या स्कूटरवर बसून पाईप आणायला गेले. सीताबाईंनी सयाजीला चहा दिला आणि व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या. मनात होतं ते त्यांनी विचारलं.

"मिस्त्री, गेल्या बारीला शाफ्ट खराब निघाला. ह्यो तरी चांगला हाय न्हवं?"

सयाजी दिवसभराच्या कामानं थकलेला होता आणि चहा गरम होता. तो सरळ बोलून गेला. "त्यो बी चांगलाच हुता की, काकू. अण्णांनी स्लो केला आन् घालवला."

"म्हंजे?"

"आता बघा. तुम्ही बिडाचा नवा तवा आणला तर पहिल्याच दिवशी त्येच्यावर भाकरी टाकता व्हय? तेल लावता, तापवता, मुरवता. तसंच हाय ह्ये. नवा शाफ्ट पहिली वीस-पंचवीस मिनिटं जोरात फिरवायचा. जोरात फिरला तरच तेल उडून त्या उंचवट्यांवर पडतंय, मग त्ये गुळगुळीत हुत्यात आन् जन्मभर चालत्यात. त्या टायमाला स्लो केलं की तेल पडत न्हाई. कोरडं कोरड्याला घासतंय आन् उंचवटे झिजून सपाट. मला त्या दिवशी फोन आला म्हणून मी गेलतो. अण्णांना बजावून गेलतो, हलू नका म्हणून. तर अण्णा स्लो करून जेवायला गेलं. इंजिन तसंच चालू ठेवून."

सीताबाईंच्या हातातली बशी हातातच राहिली.

मगदुमांचं घर जैन, तिथं दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. बापूसो पोरवयापासून नाही आणि सीताबाई माहेरीही कधी जेवल्या नव्हत्या. समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीला सूर्य टेकला की ताट वाढलेलं असायचं आणि टाकीमागं गेला की हात धुतलेले असायचे. त्या संध्याकाळी भाकरी तव्यावरून उतरली, सूर्य टाकीला टेकला आणि दारातल्या घोंघाटात त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली होती. शब्दसुद्धा आठवत होते. अवो, ते जरा हळू करा आणि जेवायला या, दिवस बुडाला.

आणि ते आले होते. हळू करून आले होते.

"मग त्येनी शाफ्ट खराब निघाला म्हणून का सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मला बी तसंच सांगायला लावलं. म्हणालं, घरात तर अजिबात बोलू नको मिस्त्री, तिला लागंल." एवढं बोलून सयाजी थांबला. आपण कुणापुढं काय बोललो हे त्याला तेव्हा कळलं. उरलेला चहा त्यानं एका घोटात संपवला आणि काही काम नसताना बॉनेटखाली डोकं घातलं.

सीताबाई पायरीवरच बसून राहिल्या. आमटीत मीठ कमी पडलं तर चार घरं ऐकतील असं बोलणारा हा माणूस. त्याच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिली नव्हती. त्यानं ही गोष्ट दिवाळीपासून आत ठेवली होती. मुलाच्या नजरेत वेडा ठरला, गंडवलेला ठरला, खुर्चीत गप्प बसला, पण बायकोच्या हाकेनं गाडी गेली हे कुणाला कळू दिलं नाही. सीताबाईंना राग आला, लाज वाटली आणि त्या दोन्हीच्या खालून इतकी माया दाटून आली की त्यांनी पदर तोंडाला लावला.

बापूसो पाईप घेऊन आले तेव्हा उन्हं कलली होती. सयाजीनं पाईप बसवला, पाणी भरलं. बापूसोंना साखरेचा त्रास, जेवणाआधी गोळी लागायची. "आता ऱ्हायलेली धा-पंधरा मिन्टं," ते म्हणाले. "गोळी दे, हे झालं की सरळ पाटावर." सीताबाईंनी सूर्याकडं बघितलं. तो टाकीच्या वर चांगला ओंजळभर होता. त्यांनी गोळी दिली.

गाडी पुन्हा सुरू झाली. पुन्हा तो घोंघाट. सयाजी बॉनेटखाली कान देऊन उभा राहिला आणि थोड्या वेळानं खिडकीशी आला.

"अण्णा, मगाशी चालवली ती धरायची न्हाई. आता पहिल्यापास्नं पुरी करू. शेवटचा शाफ्ट हाय, हयगय नको."

"कर की," बापूसो म्हणाले. त्यांचं लक्ष सगळं उजव्या पायावर होतं.

सीताबाईंचं लक्ष टाकीवर होतं. त्यांनी मनात हिशेब केला आणि तो जुळला नाही. गाडीचं व्हायच्या आत सूर्य जाणार होता. गोळी पोटात गेलेली, म्हणजे आता न जेवता राहिले तर घाम फुटून भोवळ येणार, हे दोनदा झालेलं होतं. आणि सूर्य गेल्यावर या माणसाच्या तोंडात साखरेचा दाणासुद्धा जाणार नाही, भोवळ आली तरी. बंद करून जेवा म्हणावं, तर दुसऱ्यांदा बंद करणं शाफ्टला बरं नाही. आणि हळू करा हे दोन शब्द तर त्यांच्या तोंडून जन्मात निघणार नव्हते.

त्या आत गेल्या. एका ताटात भाकरी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, तांब्या घेतला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूनं दार उघडून सलग सीटवर सरकत नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"काय करालीस?" बापूसो घोंघाटात ओरडले.

"तोंड उघडा."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू देत. तुमचं हात स्टिअरिंगला, पाय खाली. तोंड तेवढं रिकामं हाय."

बापूसोंनी समोर पाहिलं. गल्लीतली निम्मी माणसं आपापल्या दारात होती. लग्नात घास भरवताना सुद्धा यांनी नवरीकडं बघितलं नव्हतं, असं सीताबाईंच्या नणंदा अजून सांगायच्या. पण सूर्य टाकीला टेकला होता. त्यांनी तोंड उघडलं. सीताबाईंनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून त्यांना भरवला. मग दुसरा. सयाजीनं बॉनेटवरून एकदा डोकं वर काढलं आणि लगेच खाली घातलं.

चार-पाच घास झाल्यावर चटणीचा ठसका लागला. बापूसो खोकता खोकता वाकले, पाय सैल पडला आणि इंजिनाचा आवाज झरकन खाली आला.

"अण्णा, रेस," सयाजी पुढून ओरडला.

त्याचं ओरडून होईपर्यंत सीताबाईंचा पाय खाली गेला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी गाडीचं काही दाबलं नव्हतं, हॉर्नसुद्धा नाही. त्यांनी आपलं पाऊल बापूसोंच्या पावलावर ठेवलं आणि सगळा भार दिला. आवाज पुन्हा वर चढला आणि तिथंच थांबला. बापूसोंनी पाणी पिऊन डोळे पुसले. सीताबाईंनी पाय काढला नाही. खाली दोघांची पावलं एकावर एक आणि वर घास, असं चाललं.

सूर्य अर्धा टाकीमागं गेला. बापूसोंना जणू तेव्हाच काही सुचलं. ते चावायचे थांबले.

"आज हाक न्हाई मारलीस?"

"गेल्या बारीला मारली ती पुरी झाली की," सीताबाई म्हणाल्या आणि पुढचा तुकडा मोडायला लागल्या.

बापूसोंनी काचेतून सयाजीकडं पाहिलं. तिथं नुसतं उघडं बॉनेट दिसत होतं. गाडी घोंघावत होती, तिच्या थरथरण्यानं ताटातला चमचा वाजत होता.

"लागलं व्हय तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लागलं. पण तुम्ही एकट्यानं गिळून बसलासा, ते जास्त लागलं."

"सांगून शाफ्ट नीट झाला असता व्हय?"

"शाफ्ट न्हाई. तुम्ही झाला असता."

बापूसोंनी आपणहून तोंड उघडलं. सीताबाईंनी शेवटचे दोन घास घाईघाईनं भरवले, तांब्या तोंडाला लावला, आणि सूर्य टाकीमागं गेला. ताटात त्यांच्या वाटणीची भाकरी तशीच होती.

"तू?" बापूसो ताटाकडं बघत म्हणाले.

"मला गोळी न्हाई. माझं चालतंय."

उजेड हळूहळू कमी झाला. घरोघरी दिवे लागले. कुत्री कंटाळून परत आली आणि गाडीपासून जरा लांब आडवी झाली. धूर मघाशीच निवळला होता आणि समोरच्या बाईंनी ते पाहून मान डोलावली. शेवटी सयाजी कपड्याला हात पुसत खिडकीशी आला. घामानं त्याचा चेहरा चकाकत होता.

"झालं, अण्णा. पुरं झालं. आता करा स्लो. काय असंल ते आता कळंल."

दिवाळीलाही स्लो असतानाच कळलं होतं. जेवून आल्यावर बापूसोंनी ऐकलं होतं ते हळू चालणारं इंजिन आणि त्यात खट, खट, खट असा एक कोरडा आवाज. तो आवाज त्यांच्या कानातून इतके महिने गेलेला नव्हता. त्यांनी पाय उचलला नाही. बायकोकडं वळले.

"तू म्हण."

"मी काय म्हणू?"

"त्या दिवशी म्हणालीस ते."

सीताबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. त्यांनी ते लपवलं नाही, अंधारात लपवायला लागतही नव्हतं. त्यांनी आपलं पाऊल बापूसोंच्या पावलावरून अलगद काढून घेतलं.

"अवो," त्या म्हणाल्या, "ते जरा हळू करा."

बापूसोंनी पाय सोडला. आवाज खाली आला, आणखी खाली आला, एकदा अडखळला आणि स्थिर झाला. तिघंही ऐकत राहिले. सयाजीनं बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. खट आलं नाही. इंजिन नुसतं बारीक गुरगुरत होतं, शिरोळच्या घरासमोर पहाटे गाडी उभी असताना गुरगुरायचं तसंच.

"गुळगुळीत हाय," सयाजी म्हणाला. "उद्या तेल बदलतो. मग खुशाल कुठंबी न्या."

"कुठंबी काय," बापूसो म्हणाले, आणि त्यांचा तो जुना, पलीकडच्या शिवारात ऐकू जाणारा आवाज असा काही गल्लीत घुमला की समोरच्या बाई परत खिडकीत आल्या. "पहिल्यांदा शिरोळ. मळ्यात जाऊन जेवायचं, हिच्या हातचं. आन् मिस्त्री, तू बी यायचंस. न्हाई म्हणालास तर तुझी गाठ माझ्याशी हाय."

"येतो की अण्णा, वरडता कशाला," सयाजी म्हणाला.

त्यानं बॉनेट खाली घेतलं आणि घरी निघाला. बापूसोंनी इंजिन बंद केलं नाही. आणखी जरा ऐकू म्हणाले. सीताबाई मांडीवर ताट धरून शेजारी बसल्या होत्या. कडकडून भूक लागली होती, सकाळपर्यंत काही खायचं नव्हतं, आणि तरी त्यांना त्या सीटवरून उठावंसं वाटत नव्हतं.